‘महत्तम’ लहान आणि ‘लघुतम’ मोठा कसा?

लालबागच्या एका चाळीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी सातवीत, सेमी-इंग्रजीत आहे. घटक चाचणीत गणितात वीसपैकी सात गुण मिळाले. 72 आणि 84 यांचा मसावि (महत्तम साधारण विभाजक) तिने 504 लिहिला आणि लसावि (लघुतम साधारण विभाज्य) 12. आणखी एका प्रश्नात 72 चे अवयव पाडताना तिने 8 × 9 पासून सुरुवात केली होती. ‘2 ने सुरुवात करायची’ असा शेरा देऊन ते खोडलं गेलं. ताई स्वतः मराठी माध्यमातून दहावी झालेल्या. त्यांना अवयव पाडायची उभी मांडणी येते, लेकीला शाळेत त्यासाठी फांद्याफांद्यांचं झाड काढायला शिकवलं आहे. ‘आई, तुझी पद्धत वेगळी आहे, तुला नाही कळत,’ असं म्हणून ती आता आईसमोर वही उघडत नाही. मोठे दीर म्हणतात, शॉर्टकट पाठ करून टाक, परीक्षेपुरतं भागतं. यजमान म्हणतात, क्लास लावू. ताई घरी फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्या पैशांतून फी भरता येईल, पण ते पैसे खोलीला नवी फरशी बसवायला बाजूला ठेवलेले आहेत. त्या विचारतात, ‘गणित आमच्या घरात कुणालाच जमलं नाही, मग तिला तरी कसं जमणार? क्लास लावू, की शॉर्टकट पाठ करून घेऊ? आणि मी यात पडावं की नाही?’

ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी वहीत 72 आणि 84 घेऊन बसले. मसावि 12, लसावि 504. म्हणजे तुमच्या लेकीने दोन्ही संख्या अचूक काढल्या होत्या, फक्त एकीच्या जागी दुसरी लिहिली. ज्या मुलीला अवयव पाडताच येत नाहीत, तिच्या हाताला 504 लागतच नाही. तुम्ही तिचे गुण पाहून घाबरलात. मला तिचं उत्तर पाहून धीर आला, कारण आकडेमोड तिला येते आहे. ती अडली ती नावापाशी.

आणि त्या नावापाशी कोण अडत नाही? मी परळ भागातल्या शाळांत तीस वर्षं गणित शिकवलं. ‘महत्तम’ ऐकलं की मोठी संख्या आणि ‘लघुतम’ ऐकलं की लहान संख्या लिहिणारी मुलं मला दर वर्षी भेटली, आणि त्यांत हुशार मुलंही असायची. इंग्रजीत तरी काय वेगळं आहे? एचसीएफ मधलं ‘हायेस्ट’ लहान निघतं आणि एलसीएम मधलं ‘लोएस्ट’ मोठं.

यावर उपाय एकच, शब्द शेवटाकडून वाचायचा. महत्तम साधारण विभाजक. आधी ‘विभाजक’ म्हणा. विभाजक म्हणजे त्या संख्येला निःशेष भाग देणारा, तो संख्येपेक्षा मोठा असूच शकत नाही. मग ‘साधारण’, म्हणजे दोघींनाही चालणारा. असे विभाजक मोजकेच असतात, त्यांतला सगळ्यात मोठा तो महत्तम. लसाविचंही तसंच. ‘विभाज्य’ म्हणजे त्या संख्येच्या पाढ्यात येणारा, म्हणून तो संख्येपेक्षा लहान असूच शकत नाही. दोघींच्या पाढ्यांत येणाऱ्या संख्या न संपणाऱ्या आहेत. त्यांत सगळ्यात मोठी कुठली, हा प्रश्नच विचारता येत नाही, म्हणून सगळ्यात लहान विचारायची. हे एकदा कळलं की 72 आणि 84 यांचा मसावि 504 लिहिताना तिचा हात आपोआप थांबेल. 72 ला 504 ने भाग कसा जाईल?

आता तुमचं ते वाक्य, गणित आमच्या घरात कुणालाच जमलं नाही. ताई, मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते तुमच्याच फराळावरून सांगते.

समजा, तुमच्याकडे 72 बेसनाचे लाडू आणि 84 करंज्या तयार आहेत. सगळे डबे सारखे भरायचे आहेत, काही उरता कामा नये, आणि डबे होतील तितके जास्त हवेत. किती डबे होतील? तुम्ही वही न काढता चाचपून पाहाल. दोन डबे होतात, चार होतात, सहाही होतात, आठ नाही होत कारण करंज्या उरतात. शेवटी बारावर याल. बारा डबे, प्रत्येकात 6 लाडू आणि 7 करंज्या. तुम्ही नुकताच 72 आणि 84 यांचा मसावि काढलात. दर दिवाळीला काढत आला आहात, फक्त त्याला मसावि म्हणत नव्हता.

मूळ अवयव, म्हणजे ज्यांना आणखी फोडता येत नाही असे अवयव, हेच काम चाचपडण्याऐवजी सरळ करून देतात. लेकीला जवळ घ्या आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून चिठ्ठ्या करा. 72 च्या चिठ्ठ्या 2, 2, 2, 3, 3. त्यांच्या खालच्या ओळीत 84 च्या 2, 2, 3, 7. आता वरच्या आणि खालच्या सारख्या चिठ्ठ्यांच्या जोड्या लावायच्या. 2 ची एक जोडी, 2 ची दुसरी जोडी, 3 ची एक जोडी. वर 2 आणि 3 एकटे राहिले, खाली 7 एकटा राहिला.

प्रत्येक जोडीतली एकेक चिठ्ठी घेऊन गुणा. 2 × 2 × 3 = 12, हा मसावि. दोघींकडे जे खरोखर समान आहे, तेवढंच त्यात आलं. एकट्या राहिलेल्या चिठ्ठ्यांकडे मात्र बहुतेक पुस्तकं पुरेसं लक्ष देत नाहीत, आणि मला तर त्याच जास्त आवडतात. वरच्या एकट्या चिठ्ठ्या 2 × 3 = 6, म्हणजे डब्यातले लाडू. खालचा 7, म्हणजे डब्यातल्या करंज्या. 6 आणि 7 यांच्यात 1 सोडून समान काहीच उरलं नाही, त्या सहमूळ झाल्या. डबे याहून वाढवता येणार नाहीत, याचा पुरावा त्या चिठ्ठ्यांमध्येच समोर पडलेला असतो.

मग लसावि? ज्या संख्येला 72 ने आणि 84 नेही भाग जायचा आहे, तिच्या पोटात 72 च्या सगळ्या चिठ्ठ्या हव्यात आणि 84 च्याही सगळ्या हव्यात. पण जोडीतली चिठ्ठी एकदाच घेतली तरी दोघींचं भागतं. म्हणून जोड्यांचे 12, त्यांना वरच्या एकट्यांच्या 6 ने गुणा, खालच्या 7 ने गुणा. 12 × 6 × 7 = 504. मुलांना वाटतं मसाविची एक रीत आणि लसाविची दुसरी, आणि मग कुठली कधी याचा घोळ होतो. चिठ्ठ्यांची मांडणी एकच आहे आणि तिला दोन प्रश्न विचारले आहेत. समान किती? आणि दोघींना पुरेल असं कमीत कमी किती?

लसाविला मुंबईत उदाहरणांची वाण नाही. समजा, थांब्यावर एक बस दर 12 मिनिटांनी येते आणि दुसरी दर 15 मिनिटांनी, आणि सकाळी 7 वाजता दोन्ही एकत्र सुटल्या. पुन्हा एकत्र कधी? घाईत 12 × 15 = 180 मिनिटं, म्हणजे 10 वाजता असं उत्तर येतं. 10 वाजता त्या एकत्र येतील हे खरं, पण त्याआधी 8 आणि 9 वाजताही येऊन गेलेल्या असतील. 12 मध्ये 2, 2, 3 आणि 15 मध्ये 3, 5. तो 3 दोन्हीकडे आहे आणि नुसत्या गुणाकारात तो दोनदा मोजला गेला. लेक कधी तबल्याच्या वर्गाजवळून गेली तर तिला हेही सांगा. तीनताल 16 मात्रांचा, झपताल 10 मात्रांचा. दोन्ही एकाच लयीत एकदम सुरू केले तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पुन्हा एकत्र 80 मात्रांनी येते, तीनतालाच्या 5 आणि झपतालाच्या 8 आवर्तनांनंतर. तिथेही एक 2 समान आहे, म्हणून 160 ची वाट पाहावी लागत नाही.

संख्येच्या पोटात काय आहे हे पाहायची सवय जुन्या माणसांना व्यवहारानेच लागलेली असे. माझी आजी आणे-पैच्या काळातली. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. 192 मध्ये सहा वेळा 2 आणि एक 3. त्या एका 3 मुळे रुपयाचे तीन सारखे वाटे व्हायचे, प्रत्येकी 5 आणे 4 पै. 1957 साली 100 नवे पैसे आले. 100 मध्ये 2, 2, 5, 5 आहेत आणि 3 नाही, म्हणून तिघांत रुपया वाटला की एक पैसा उरतो. केळी आणि अंडी डझनावर का विकली जात आली, तेही 12 च्या चिठ्ठ्या मांडून लेकीला सुचतं का बघा.

आता खोडलेल्या 8 × 9 बद्दल. हे माझ्या मनाला लागलं, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्या लेकीची सुरुवात चूक नव्हती. 8 म्हणजे 2, 2, 2 आणि 9 म्हणजे 3, 3. कुणी 6 × 12 घेईल, कुणी 2 × 36 घेईल. झाडाच्या फांद्या वेगळ्या दिसतील, पण टोकांना लागलेल्या मूळ संख्या त्याच, आणि तितक्याच वेळा. कोणतीही संख्या मूळ अवयवांत एकाच प्रकारे फोडता येते, क्रम काय तो बदलेल. जर्मन गणिती गाउस याने 1801 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात याची काटेकोर सिद्धता दिली. 2 पासून सुरुवात करण्याची शिस्त चांगली, त्यात काही निसटत नाही, आणि एकेका बाईंना साठ-साठ वह्या तपासायच्या असतात हेही मी जाणते. पण तिला घरी कुणीतरी सांगायला हवं की तू बरोबर होतीस. शाळेत 2 पासून लिही, मनात कुठूनही फोड.

यातूनच तुमच्या पद्धतींचं भांडणही मिटतं. तिचं झाड आणि तुमची उभी मांडणी यांत फरक कागदावरचा आहे. दोन्हींत शेवटी त्याच चिठ्ठ्या हाती येतात. एक दिवस दोघींनी एकच संख्या घ्या, तिने झाड काढायचं, तुम्ही उभी मांडणी, आणि शेवटच्या ओळी ताडून पाहायच्या. ‘तुला नाही कळत’ यावर वाद घालण्यापेक्षा हे करा.

शिवाय तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी तिच्या झाडाकडे नाही. तुम्हाला शाळेत भागाकार पद्धतीने मसावि काढायला शिकवलं असेल, आठवून बघा. 391 आणि 323 घ्या. यांचे मूळ अवयव पटकन सुचत नाहीत, 2, 3, 5, 7 कशानेच भाग जात नाही. मग 391 ला 323 ने भागा, बाकी 68. आता 323 ला 68 ने, बाकी 51. 68 ला 51 ने, बाकी 17. 51 ला 17 ने, बाकी शून्य. मसावि 17. एकही अवयव न पाडता. ही रीत युक्लिडच्या ग्रंथात आहे, म्हणजे सुमारे 2300 वर्षांपूर्वीची, आणि आपल्याकडे आर्यभटाने 499 साली मांडलेल्या कुट्टक नावाच्या गणिती रीतीतही असंच आळीपाळीने भागत जायचं असतं. लहान संख्यांना झाड बरं, मोठ्या आडमुठ्या संख्यांना ही बरी. आईला जे येतं ते जुनं असेल, पण ते कामाचं आहे, हे लेकीला एकदा दिसू द्या.

शॉर्टकटचं म्हणाल तर दिरांचा हेतू चांगला आहे आणि मी शॉर्टकटच्या विरुद्ध नाही. दोन संख्यांचा गुणाकार त्यांच्या मसावि आणि लसाविच्या गुणाकाराइतका असतो, हे सूत्र तिला यायलाच हवं. 72 × 84 = 6048 आणि 12 × 504 = 6048. उत्तर तपासायला याच्याइतकं सोपं काही नाही. पण नुसतं पाठ केलेलं सूत्र कुठे लागत नाही हे सांगत नाही. हे सूत्र दोन संख्यांपुरतं आहे. 4, 6 आणि 10 घ्या. मसावि 2, लसावि 60, त्यांचा गुणाकार 120, आणि दिलेल्या तिन्ही संख्यांचा गुणाकार 240. शॉर्टकटवर चालणारी मुलं नेमकी इथे पडतात आणि का पडलो ते त्यांना कळत नाही. चिठ्ठ्या मांडलेल्या मुलीला हे सूत्र स्वतःच दिसतं, आणि ते तीन संख्यांना का चालत नाही हेही. आधी महिनाभर चिठ्ठ्या, मग सूत्र. दिरांनाच ते सूत्र शिकवायला सांगा, त्यांनाही बरं वाटेल.

क्लासबद्दल माझं मत आज तरी नको असं आहे. मुलीला पाढे येत नसते, भागाकार जमत नसता किंवा घरात कुणालाच वेळ नसता, तर मी वेगळं लिहिलं असतं. अशा घरांनी क्लास लावण्यात काही कमीपणा नाही. फक्त लावण्याआधी तिथे मुलाच्या चुका कुणी बसून बघतं का, एवढं विचारून घ्यावं. तुमच्या लेकीची अडचण मात्र एका शब्दाची आणि एका खोडलेल्या उत्तराची आहे. त्यासाठी फरशीचे पैसे मोडू नका.

उलट ती फरशीच तिला द्या. तुमची खोली चाळीतली आहे तेव्हा दहा बाय बाराची धरते, वेगळी असेल तर तुमची मापं घ्या. 10 आणि 12 फूट म्हणजे 120 आणि 144 इंच. तिला विचारा, एकही फरशी न कापता मोठ्यात मोठी कुठल्या मापाची चौरस फरशी बसेल? 120 मध्ये 2, 2, 2, 3, 5 आणि 144 मध्ये 2, 2, 2, 2, 3, 3. जोड्या 2, 2, 2, 3, मसावि 24 इंच. दोन बाय दोनच्या 30 फरश्या, पाच ओळी सहा-सहाच्या. याहून लहान कुठली चालेल? इथे एक सुंदर गोष्ट आहे. दोन संख्यांचे जेवढे साधारण विभाजक असतात, ते सगळे त्यांच्या मसाविचेच विभाजक असतात. म्हणून 24 चे विभाजक लिहिले की काम झालं: 1, 2, 3, 4, 6, 8, 12, 24. बारा इंची चालेल, सोळा इंची चालणार नाही, कापावी लागेल. भिंती जुन्या असल्या की कुठेतरी अर्धा इंच कमी-जास्त भरतोच, तो गवंडी सांभाळेल. पण दुकानात फरशीचं माप लेकीने ठरवून सांगितलेलं असू द्या.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत, आणि गणित सुरू करण्याआधी तिला एकच विचारायचं, उत्तर दोन्ही संख्यांपेक्षा लहान येणार की मोठं? ते तोंडाने म्हणून मगच पेन्सिल उचलायची. शंभरच्या आत 25 मूळ संख्या आहेत, त्या हळूहळू ओळखीच्या होतील. तोवर एखादी संख्या मूळ वाटली तर 2, 3, 5 आणि 7 ने भाग जातो का बघायचा, शंभरपर्यंत याहून पुढे जावं लागत नाही. 51, 57, 87 आणि 91 या चार फसव्या आहेत, हमखास मूळ समजल्या जातात. पहिल्या तिघींत 3 लपलेला असतो, 91 मध्ये 7 आणि 13. आणखी एक चूक माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत फार दिसायची. 72 आणि 84 मध्ये 2 समान, 3 समान, म्हणून मसावि 6, असं लिहून मोकळं व्हायचं. दुसऱ्या 2 ची जोडी राहूनच जाते. चिठ्ठ्या हातात असल्या की ती राहत नाही.

भाषेची अडचण वाटत असेल तर बालभारतीची पुस्तकं सगळ्या माध्यमांतली त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. सातवीचं मराठी माध्यमाचं गणित फोनवर उतरवून घ्या आणि तिच्या इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवा. तीच उदाहरणं, तेच आकडे. तुम्ही मराठीतून वाचा, ती इंग्रजीतून. फॅक्टर म्हणजे विभाजक, मल्टिपल म्हणजे विभाज्य, प्राइम म्हणजे मूळ, एवढ्या तीन शब्दांवर तुम्हा दोघींचं बोलणं सुरू होईल.

यजमानांनाही यात घ्या, पण ओरडायचं नाही या अटीवर. चिठ्ठ्या कापायला त्यांना बसवा.

पहिल्या आठवड्यात 72 आणि 84 सारख्या दोन-दोन संख्याच घ्या. नंतर तिला हा एक डबा भरायला द्या: 36 अनारसे, 60 करंज्या, 90 चकल्या, सगळे डबे सारखे, काही उरायला नको, आणि डबे होतील तितके जास्त. ती 6 डब्यांवर येईल, प्रत्येकात 6, 10 आणि 15. मग ती अडखळेल, कारण 6 आणि 10 मध्ये अजून 2 समान आहे, 10 आणि 15 मध्ये 5, आणि 6 आणि 15 मध्ये 3. आणखी भागायचा मोह होईल. तिन्हींना चालेल असं काही उरलंय का, एवढंच विचारा आणि गप्प बसा. उभ्या मांडणीत मसाविसाठी इथे थांबायचं असतं आणि लसाविसाठी पुढे जायचं असतं. ते तिचं तिला सापडलं, तर त्याच चिठ्ठ्यांतून लसावि 180 ती स्वतःच काढेल.